पेन्सिल हाती घेऊन वाचताना

मराठी समीक्षेने चित्रकलेकडून किती शब्द उसने घेतले आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. व्यक्तिचित्र, शब्दचित्र, रेखाचित्र ही तर वाङ्मयप्रकारांचीच नावे होऊन बसली आहेत. लेखकाने पात्र ठसठशीत रेखाटले आहे, ग्रामजीवन हुबेहूब चितारले आहे, कथानकाची रूपरेषा स्पष्ट आहे, नायिका मात्र पुसट राहिली आहे, अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत जितकी सापडतात तितकीच, खरे बोलायचे तर, शोधनिबंधांतही सापडतात. मुळात संस्कृतातील 'लिख्' हा धातू ओरखडणे, लिहिणे आणि चित्र काढणे या तिन्ही क्रियांना पुरतो. 'लेखा' आणि 'रेखा' ही एकाच घराण्यातील भावंडे. मराठीने त्यात आपली भर घातली. विहिरीतून पाणी काढावे किंवा पायातला काटा काढावा, तसे आपण चित्र 'काढतो'; आणि आठवणही 'काढतो'. इतकी शब्दसंपत्ती जवळ असूनही साहित्याच्या वर्गात रेघ ओढण्यासाठी पेन्सिल धरलेला हात दिसत नाही. दिसलाच, तर तो मागच्या बाकावर, व्याख्यानाला कंटाळून वहीच्या समासात फुले काढणाऱ्याचा असतो, आणि त्याला आपण बहुधा दटावतो.

रेखाटन हा पाहण्याचा आणि म्हणून वाचण्याचाही एक प्रकार आहे, आणि तो कलाशाळांपुरता ठेवून आपण विज्ञानाचे शिक्षण, साहित्याचे शिक्षण आणि रोजचे जगणे या तिन्हींचे नुकसान केले आहे, असे आम्हांला वाटते. येथे 'चित्र' या शब्दाने कोणी दबून जाऊ नये. भिंतीवर टांगण्याजोगे काही निर्माण करणे येथे अभिप्रेत नाही. हातातली वस्तू किंवा समोरचे पान आपल्याला नेमके कोठपर्यंत कळले आहे, हे पाहण्यासाठी ओढलेल्या चार रेघा, एवढाच रेखाटनाचा अर्थ आम्ही येथे घेतो.

विज्ञानाच्या इतिहासातील एक जुने प्रकरण यासाठी आठवावे. इंग्लंडमधील टॉमस हॅरियट या गणितज्ञाने जुलै १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे रेखाटन केले. गॅलिलिओने तेच काम त्यानंतर काही महिन्यांनी, त्या वर्षाच्या अखेरीस केले. म्हणजे अग्रक्रम हॅरियटचा. पण हॅरियटच्या त्या पहिल्या रेखाटनात एक चंद्रकोर आहे, उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ आहे, काही ठिकाणी थोडी छायांकित जागा आहे; यापलीकडे काही नाही. गॅलिलिओची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती हे खरे, परंतु त्याच्याजवळ आणखी एक साधन होते. तो फ्लॉरेन्सच्या परंपरेत वाढलेला होता. छायाप्रकाश आणि यथादर्शन यांचे शिक्षण त्याच्या हाताला आणि डोळ्याला मिळालेले होते. चिगोली हा चित्रकार त्याचा मित्र होता. उंचवट्यावर तिरपा उजेड पडला की एक बाजू उजळते आणि दुसरीकडे सावली लांबते, हे चित्रकाराच्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असणारे सत्य त्याने चंद्राला लावले. अंधाऱ्या भागात एकटेच चमकणारे ठिपके त्याने तपकिरी रंगाच्या पातळ थरांत टिपले आणि ती सूर्योदय होत असलेली शिखरे आहेत असे ओळखले. मग तो ठिपका प्रकाशरेषेपासून किती दूर आहे यावरून पर्वताची उंची भूमितीने काढली. मार्च १६१० मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचल्यानंतर हॅरियटच्या रेखाटनांतही विवरे दिसू लागली! १६१३ साली फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने गॅलिलिओला सदस्य करून घेतले, याला आम्ही निव्वळ शोभेचा सन्मान मानत नाही.

दुसरे उदाहरण मज्जातंतूंचे. सान्तियागो रामोन इ काहाल (१८५२ ते १९३४) या स्पॅनिश मुलाला चित्रकार व्हायचे होते आणि शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या वडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. अखेर वडिलांनी त्याला हाडे रेखाटायला बसवले आणि दोघांची तडजोड झाली. इटलीतील कामिलो गोल्जी याने १८७३ साली मज्जापेशी रंगवण्याची एक पद्धत शोधली होती. त्या पद्धतीने तयार केलेले नमुने काहालने १८८७ साली प्रथम पाहिले. पुढे जे घडले ते साहित्याच्या अभ्यासकांना विशेष रोचक वाटावे. साधन तेच, रंग तोच, मेंदूचे पापुद्रेही तसेच. पण गोल्जीला त्यात एकसंध जाळे दिसले, आणि काहालला एकमेकींजवळ येऊन थांबणाऱ्या स्वतंत्र पेशी दिसल्या. काहाल सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहत बसे, अनेक नमुन्यांत पाहिलेले मनात साठवी आणि मग पुष्कळदा स्मरणाने, अनेक पापुद्र्यांचा मेळ घालून एकच आकृती काढी. त्यावर तो संदेशाचा प्रवास कोणत्या दिशेने होत असावा हे दाखवणारे बारीक बाणही काढी. त्याची रेखाटने ही नक्कल नव्हती. ते अर्थनिर्णयन होते. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले आणि स्टॉकहोममधील आपल्या व्याख्यानात गोल्जीने काहालच्या सिद्धान्ताला विरोधच केला. एकाच संहितेचे दोन वाचक एकाच व्यासपीठावर, आणि पारितोषिक विभागून! आपल्या साहित्य संमेलनांना यात नवे काही वाटणार नाही.

मात्र रेघ खरेच बोलते असेही नाही. मंगळावर कालव्यांचे जाळे आहे असे पर्सिव्हल लोवेल १८९४ पासून वर्षानुवर्षे पाहत आणि काढत राहिला. ॲरिझोनातील त्याची वेधशाळा उत्तम होती, चिकाटी दांडगी होती. परंतु नजरेच्या टप्प्यावर थरथरणारे सुटे डाग त्याच्या हाताने सरळ रेषांनी जोडले, त्या रेषांना त्याने कालवे म्हटले, आणि कालवे आहेत तर ते खणणारे कोणी असलेच पाहिजेत, अशी पायरीपायरीने एक संस्कृतीच उभी केली. असे कालवे समीक्षेतही खणले जातात. एका कवितेतील चार प्रतिमा सरळ रेषेने जोडून कवीच्या बालपणापर्यंत जाणारा कालवा कोणी खणला नाही? तरीही लोवेलच्या रेखाटनांचा एक गुण मान्य करावा लागतो. आपल्याला काय दिसले हे त्याने कागदावर बिनचूक सांगून ठेवले होते, त्यामुळे त्याला खोडून काढता आले. 'मंगळाचे गूढ सौंदर्य' एवढेच लिहून तो थांबला असता, तर त्याचे कोणी काय करणार होते?

आपल्याकडे याची परंपराच नाही, असे मानण्याचे कारण नाही. पुण्याजवळच्या दापोडीस, जिला इंग्रजी दप्तरात 'दापुरी' म्हटले आहे, कंपनी सरकारची वनस्पती-उद्यान होते आणि अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक होता. १८४७ ते १८५० या काळात त्याने तेथील झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढे कळते. त्याचे नाव कोणी नोंदवले नाही. पान कोठे वळते, देठाचा सांधा कसा आहे, पाकळीच्या मागची शीर कोणत्या रंगाची आहे, हे त्या माणसाने पाहिले, आणि त्याला पगार देणाऱ्याला त्याचे नाव लिहून ठेवावेसे वाटले नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली १८७२ पासून पुढे मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केल्या. त्यांतल्या बऱ्याच लंडनला १८८५ च्या आगीत गेल्या. पण त्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत अजिंठ्याची रेषा गेली ती जळाली नसावी.

आता आजच्या शाळेकडे वळू. 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' हा प्रश्न आपण सर्वांनी सोडवला आहे. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद आपण शाळेत काढला, पण जास्वंदीचे फूल ब्लेडने उभे कापून, समोर ठेवून किती जणांनी काढला? आकृती पुस्तकातून वहीत येते, वहीतून जर्नलमध्ये, जर्नलमधून धाकट्या भावंडाच्या जर्नलमध्ये. आणि प्रत्येक प्रवासात ती अधिक सुबक व कमी खरी होत जाते. महाराष्ट्रात इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत आणि त्यांत वस्तुचित्र व स्मरणचित्र असे दोन अतिशय शहाणे विषय आहेत. एकात समोर ठेवलेले पाहून काढायचे, दुसऱ्यात समोर नसलेले आठवून काढायचे. काहालला लागली ती दोन्ही कौशल्ये याच दोन विषयांत आली. परंतु या परीक्षांची श्रेणी आता बहुतेक घरांत दहावीच्या वाढीव गुणांसाठी मोजली जाते, आणि स्मरणचित्रही क्लासमध्ये पाठ करून घेतले जाते. आठवायचे ते स्वतःचे नसून सरांनी काढून दिलेला भाजीबाजार असतो. विज्ञानशिक्षकाला चित्रकला हा आपला विषय वाटत नाही, चित्रकलाशिक्षकाला जास्वंदीचा पुंकेसर हा आपला विषय वाटत नाही. मराठीच्या शिक्षकाला तर दोन्ही वाटत नाहीत.

आणि येथेच आमच्या मुख्य मुद्द्याला सुरुवात होते. एका वर्गात आम्ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट करून पाहायला सांगितली: मोट काढा. विहिरीवरची, बैलांची मोट. जुन्या मराठी कवितेत आणि ग्रामीण साहित्यात हा शब्द सर्वांनी अनेकदा वाचलेला होता. त्यावर परीक्षेत उत्तरेही लिहिलेली होती. सर्वांनी विहीर काढली, बैल काढले, दोर काढला, दोराच्या टोकाला एक पिशवीसारखे काहीतरी काढले. आणि मग पेन्सिली थांबल्या. पिशवी वर आली, पण रिकामी कशी होणार? विहिरीच्या काठावर कोणी माणूस उभा राहून ती उपडी करतो काय? मोट हाकणारा तर बैलांपाशी आहे.

मग ती शोधाशोध सुरू झाली, जी एरवी कोणत्याही टिपेने सुरू झाली नसती. गावाकडच्या आजोबांना फोन झाले. मोटेला दोर दोन असतात: जाड नाडा आणि बारीक सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जातो आणि मोटेचे कातडी अंग उचलतो. सोंदूर खालच्या कण्यावरून जातो आणि मोटेची निमुळती सोंड धरून ठेवतो. वर येत असताना सोंड दुमडलेली, तोंड वर केलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी पोचली की तिचे अंग वरच्या चाकाकडे चढत राहते आणि सोंड मात्र खालच्या कण्यावरून थारोळ्याकडे ओढली जाते. सोंडेचे तोंड आता खाली आणि अंग वर, त्यामुळे पाणी आपोआप थारोळ्यात कोसळते. दोन दोरांच्या लांबीतला फरक हीच सगळी युक्ती. बैल विहिरीकडे पाठ करून उताराच्या धावेवरून खाली चालत जातात, म्हणजे त्यांचे वजनही ओढीच्या कामी येते. परतताना ते उलट पावली येतात. ही आकृती ज्या मुलीने अखेर पूर्ण केली, तिने शेवटी विचारलेला प्रश्न आम्हांला कोणत्याही संदर्भग्रंथात सापडला नसता. तिने विचारले, मोटेवरची गाणी नेमकी कोणत्या क्षणी म्हणतात, बैल उतरताना की मागे येताना? लयीचा प्रश्न होता तो, आणि तो दोराच्या आकृतीतून आला.

जुन्या साहित्यातील भौतिक सृष्टी गांभीर्याने घ्यावी, हे मराठी समीक्षेला नवे नाही. म. वा. धोंड यांनी 'ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी' या ग्रंथात ज्ञानेश्वरीतील लौकिक जगालाच अभ्यासाचा विषय केले. आम्ही त्यात फक्त एवढेच जोडू पाहतो की अशा वाचनाला पेन्सिलीची जोड हवी. शब्द उदार असतो. 'मोट' म्हटले की कळल्यासारखे वाटते. रेघ कंजूष असते, ती अर्धवट कळलेल्याला पुढे जाऊ देत नाही.

कथनात्मक साहित्याच्या अध्यापनात हे पद्धतशीरपणे करणारा एक शिक्षक होऊन गेला: व्लादिमीर नाबोकोव्ह. १९४८ पासून सुमारे दहा वर्षे तो कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होता. त्याआधी हार्वर्डच्या प्राणिशास्त्र-संग्रहालयात फुलपाखरांचे सूक्ष्म अवयव भिंगाखाली रेखाटत तो बसलेला असे. ती सवय त्याने वर्गात नेली. जॉइसची 'युलिसिस' शिकवताना डब्लिनचा नकाशा, 'ॲना कारेनिना' शिकवताना त्या काळच्या रशियन रेल्वेच्या शयनयानाची आकृती, आणि काफ्काची 'रूपांतर' ही कथा शिकवताना सामसा कुटुंबाच्या घराचा आराखडा. कोणते दार कोठे उघडते हे कळल्याशिवाय त्या कथेतील कैद कळत नाही, कारण ग्रेगोरच्या खोलीला एकाहून अधिक दारे आहेत आणि प्रत्येक दारापलीकडून वेगळ्या माणसाचा आवाज येतो. नाबोकोव्हने त्या किड्याचे चित्रही काढले होते आणि तो एक प्रकारचा भुंगेरा आहे असा निर्वाळा दिला होता.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो खुद्द काफ्काचाच आहे. १९१५ साली ही कथा पुस्तकरूपाने निघत असताना मुखपृष्ठावर चित्रकार किडा काढील की काय, या शंकेने काफ्का घाबरला आणि त्याने प्रकाशकाला तातडीने कळवले की तो किडा काढता कामा नये, दुरूनही दाखवता कामा नये. मुखपृष्ठावर अखेर अर्धवट उघडे दार आणि त्यापासून तोंड फिरवून जाणारा माणूस आला. काफ्का चित्रांचा वैरी नव्हता. तो स्वतः काढत असे आणि त्याच्या रेखाटनांचा मोठा संग्रह २०२१ साली प्रसिद्धही झाला आहे. तरी तो नको म्हणाला. शब्दांनी जे हेतुतः अनिश्चित ठेवले, ते रेघेने निश्चित करणे हा साहित्याचा द्रोह नव्हे काय?

आक्षेप खरा आहे, पण तो छापील चित्राविषयी आहे. लेखकाच्या आणि वाचकाच्या मध्ये येऊन बसणारे चित्र आणि वाचकाने स्वतः काढून फाडून टाकलेले चित्र यांत फरक आहे. शिवाय काफ्काच्या अनिश्चिततेची जाणीव वाचकाला होणार कशी? ज्याने कधी तो किडा काढण्याचा प्रयत्न केला नाही, तो 'किडा' या शब्दावर समाधान मानून पुढे जातो. ज्याने केला, त्याला पहिल्याच परिच्छेदात अडायला होते. पाठ टणक आहे, पोट फुगीर आणि कमानदार पट्ट्यांचे आहे. पण पाय 'पुष्कळ' आहेत. पुष्कळ म्हणजे किती? भुंगेऱ्याला सहाच असतात. नाबोकोव्ह येथे कीटकशास्त्रज्ञाच्या आत्मविश्वासाने पुढे गेला. आमच्या मते त्याने तेथे थोडे थांबायला हवे होते. पेन्सिल जेथे थांबते, त्या जागेवर बोट ठेवून 'येथे लेखकाने मुद्दाम काढू दिलेले नाही' असे म्हणता येणे, हे वाचन झाले.

उलट बाजूचा अनुभव 'स्थानपोथी' देते. महानुभाव पंथाच्या या ग्रंथात, जो चौदाव्या शतकातील समजला जातो, चक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, त्या जागांची नोंद आहे: गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या बाजूस आसन. नंतरच्या भक्तांना ती जागा सापडावी आणि नमस्कार करता यावा, यासाठी हे सारे लिहिलेले. आजही अशा जागांवर ओटे बांधलेले दिसतात. वाङ्मयेतिहासात या ग्रंथाची बोळवण बहुधा एका वाक्यात होते, कारण वाचायला तो रूक्ष आहे. तो वाचायचा नसून काढायचा आहे, हे आपल्या लक्षात आले नाही. त्यातील एका गावाचे वर्णन चार विद्यार्थ्यांना दिले आणि नकाशे काढायला सांगितले, की चार वेगळे नकाशे हाती येतात. देवळाच्या 'उजवीकडे' म्हणजे देवाच्या उजवीकडे की पाहणाऱ्याच्या? अंतर कोठून मोजले, दारापासून की मध्यापासून? मग 'लीळाचरित्र' उघडून तेथे घडलेली लीळा ताडून पाहावी लागते. एका कोरड्या वाक्यावर तास जातो, आणि तेराव्या शतकातील एक गाव, त्याची वेस, त्याचा उकिरडा, त्याचे पाणवठे हळूहळू वर येऊ लागतात.

'बनगरवाडी' (१९५५) हीदेखील अशीच पेन्सिल घेऊन वाचण्याची कादंबरी. व्यंकटेश माडगूळकर उत्तम रेखाटत असत, हे सर्वांना ठाऊक आहे; पण त्यांच्या गद्याचा विचार करताना ही गोष्ट चरित्रातील एक छंद म्हणून बाजूला ठेवली जाते. (त्यांचे माडगूळ हे गाव औंध संस्थानातले, आणि त्या संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हेही चित्रकार, त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ चे. हा योगायोग म्हणून सोडून देऊ.) माडगूळकरांचे वाक्य आधी बाह्यरेषा देते, मग एखादाच तपशील गडद करते आणि थांबते. तरुण मास्तर त्या धनगरांच्या वाडीत येतो तेव्हा त्याला काय दिसते आणि दुष्काळात वाडी रिकामी होते तेव्हा काय दिसते, अशी दोन रेखाटने विद्यार्थ्यांकडून करून घ्यावीत. तीच चावडी, तेच माळरान. दुसऱ्या कागदावर काय काय खोडावे लागले, याची यादी करता करता कादंबरीच्या रचनेविषयी जे बोलता येते ते 'प्रादेशिकता' या शीर्षकाखालच्या दहा मुद्द्यांत येत नाही.

आणि 'शाकुंतल'? सहाव्या अंकातला दुष्यंत हा रेखाटनाविषयीचा आपल्याकडचा सर्वांत मार्मिक प्रसंग असावा. अंगठी सापडल्यावर त्याला शकुंतला आठवते, आणि तो तिचे चित्र काढतो. ते पुष्कळसे पूर्ण आहे, तरी तो कुंचले मागवतो, कारण अजून राहिले आहे: वाळूत हंसांची जोडपी बसलेली मालिनी नदी, पायथ्याशी हरणे, वल्कले वाळत घातलेले झाड, काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी हरिणी. विदूषकाला धास्ती वाटते की महाराज आता उरलेली जागा लांब दाढीच्या तापसांनी भरून टाकणार. विनोद आहेच, पण राजाचे चित्र जसजसे पुरे होते तसतसा त्याला आपला गुन्हाही कळत जातो. अंगठीने त्याला नाव परत दिले. तपशील मात्र त्याला एकेक करून काढावे लागले. 'आठवण काढणे' या मराठी प्रयोगाचा अर्थ आम्हांला या अंकाने कळला. हा प्रवेश शिकवताना विद्यार्थ्यांनी राजाची ती यादी रेखाटून पाहावी आणि पहिल्या अंकाशी ताडावी, अशी आमची शिफारस आहे. राजाने काय विसरले आहे तेही त्यात सापडते.

रोजच्या व्यवहारात हे सगळे आपण करतच होतो. घटनास्थळाच्या पंचनाम्यात पंचांच्या साक्षीने लिहिलेल्या वर्णनाला कच्चा नकाशा जोडला जातो. कायद्याला नुसत्या शब्दांवर विसंबणे परवडत नाही. गवंडी मातीत काडीने जिना काढून दाखवतो, शिंपी खडूने कापडावर बाही काढतो, लग्नपत्रिकेच्या मागे कार्यालयाचा नकाशा असे आणि त्यात एक मारुतीचे देऊळ आणि एक पेट्रोल पंप हमखास असे. आता त्या जागी मोबाइलने वाचायची चौकट असते. पोचायला होते, पण रस्ता मनात राहत नाही. फळ्यावरची आकृती वहीत उतरवण्याऐवजी तिचा फोटो घेतला जातो आणि तो पुन्हा कोणी उघडत नाही. अमेरिकेतील लिंडा हेन्केल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयातील वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले की शब्द लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढल्यास तो अधिक लक्षात राहतो, आणि चित्र चांगले असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नसतो. आता तर वाक्य टंकताच चित्र तयार करून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांना 'मोट' सांगितली तर क्षणात देखणी मोट मिळेल. सोंदूर त्यात असेल की नाही, हे पाहणाऱ्याला कळणार नाही, कारण तो तेथे अडलाच नाही.

'आम्हांला चित्र येत नाही' ही तक्रार राहते. ती करणाऱ्यांना अक्षर लिहिता येते, म्हणजे रेघ ओढता येते. आराखडा, नकाशा, छेद, दोन वस्तूंमधले अंतर, कोण कोणाकडे पाहत आहे याचे बाण, एवढ्याला हात पुरतो. सत्रपद्धतीत वेळ कोठे आहे, हा प्रश्न अधिक खरा आहे. त्यावर आमच्याजवळ मोठी योजना नाही. एका सत्रात एक संहिता, दोन तासिका, वहीचे मागचे पान. पेन्सिल एच बी असावी. खोडरबर देऊ नये. चुकलेली रेघ राहू द्यावी आणि शेजारी दुसरी ओढावी, म्हणजे मत कोठे बदलले ते दिसते. शिक्षकाने फळ्यावर स्वतःची आकृती आधी काढू नये, नाही तर चाळीस वह्यांत तीच उतरेल. या कामाला गुण देऊ नयेत. गुण दिले की बाजारात पुढच्या वर्षी 'बनगरवाडीच्या सुबक व नामनिर्देशित आकृती' मिळू लागतील.